बॅलिंडीनचा जमीनदार, त्याचा नोकर आणि चार वर्षांचा खटला

प्रकरण कोणाचे

१५ जानेवारी १७७८ रोजी एडिंबरातल्या कोर्ट ऑफ सेशनने, म्हणजे स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, जोसेफ नाइट विरुद्ध जॉन वेडरबर्न या दाव्याचा निकाल दिला. नाइट हा आफ्रिकेतून जमैकाला नेऊन विकलेला तरुण. वेडरबर्न हा पर्थशायरमधल्या इंच्चर पॅरिशमधला, बॅलिंडीन नावाच्या इस्टेटीचा मालक. निकाल नाइटच्या बाजूने लागला. जमैकाच्या कायद्याने मिळालेला गुलामावरचा हक्क स्कॉटलंडमध्ये कोणत्याही प्रमाणात चालणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

मराठी वाचकाला वेडरबर्न हे आडनाव ओळखीचे वाटले तर ते योग्यच आहे. १८८९ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष सर विल्यम वेडरबर्न हे या जमीनदाराचे सख्खे नातू. त्यांच्याकडे शेवटी येऊच. पण या घराण्याचा इतिहास नातवापासून मागे वाचत गेले की आजोबा धूसर होतात, आणि आजोबांच्या घरातला नोकर तर दिसेनासाच होतो. म्हणून इथे क्रम सरळ ठेवला आहे.

पार्श्वभूमी: घराणे

जमीनदार म्हटले की मोठा उमराव डोळ्यांपुढे येतो. हे घराणे तसे नव्हते. स्कॉटलंडमध्ये अशा माणसाला लेअर्ड म्हणतात. स्वतःच्या नावावर जमीन, कुळांकडून येणारा खंड, गावात मान. पण सरदारांच्या पंक्तीत पाट नाही. आपल्या कोकणातला खोत आठवला तरी अंदाज येईल.

वेडरबर्न मूळचे डंडीजवळच्या ब्लॅकनेसचे. बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी घरात होती, पैसा मात्र उरला नव्हता. पाचवे बॅरोनेट सर जॉन न्यूटाइल इथे गवताने शाकारलेल्या, मातीची जमीन असलेल्या घरात राहत आणि लहानशी शेती कसत. त्यांची नऊ मुले शेतात अनवाणी हिंडत, असे वर्णन आहे. १७४५ मध्ये पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी बंड झाले, त्यात ते सामील झाले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत बंडखोरांचा धुव्वा उडाला, सर जॉन पकडले गेले, लंडनमध्ये राजद्रोहाचा खटला चालला आणि २८ नोव्हेंबर १७४६ रोजी केनिंग्टन कॉमन इथे त्यांना फाशी झाली. पदवीही जप्त झाली.

थोरला मुलगा जॉन हाही कलोडनला होता. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. तो निसटला आणि १७४७ मध्ये जमैकाला पोचला. तिथे आधी वैद्यकी केली, आणि तीही पदवीविना. मग ऊस, साखर आणि गुलाम. वीस वर्षांत तो बेटावरच्या मोठ्या जमीनमालकांत गणला जाऊ लागला. १७६२ च्या सुमारास त्याने एका जहाजाच्या कप्तानाकडून बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा विकत घेतला. त्या कप्तानाचे आडनाव नाइट. तेच मुलाला चिकटले.

१७६९ मध्ये वेडरबर्न स्कॉटलंडला कायमचा परतला. बॅलिंडीन विकत घेतले, लॉर्ड ओगिल्वींच्या मुलीशी लग्न केले. बापाने गमावलेले सगळे त्याने साखरेच्या पैशातून परत उभे केले. पदवी कायद्याने गेली होती, तरी लोक त्याला सर जॉन म्हणत. न्यायालयाच्या छापील अहवालात मात्र तो नुसता मिस्टर वेडरबर्न आहे.

पार्श्वभूमी: पॅरिश

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. पण अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये ती उपासनेपुरती मर्यादित नव्हती. गावची शाळा, गरिबांना मदत, नैतिक शिस्त, जन्म-लग्नाच्या नोंदी, सगळे तिच्याच हाती. धर्मगुरूचा तनखा, चर्चची डागडुजी, धर्मगुरूचे घर, शाळामास्तरचा पगार हा खर्च जमीनमालकांनी वाटून घ्यायचा असे. त्यामुळे लेअर्डचे वजन केवळ जमिनीमुळे नव्हते. शाळा आणि चर्च दोन्ही त्याच्या खिशावर चालत.

इंच्चर पर्थ आणि डंडी यांच्या मधल्या कार्स ऑफ गाउरी या सपाट, चिकणमातीच्या सुपीक पट्ट्यात आहे. तिथले मोठे नाव लॉर्ड किनेर्डचे. वेडरबर्न त्यांच्या खालच्या थरातला, आणि नवा.

अविवाहित बाई गरोदर राहिली तर तो घरगुती मामला राहत नसे. धर्मगुरू आणि वडीलधाऱ्यांचे मंडळ तिला बोलावून घेई, बापाचे नाव विचारी, भर चर्चमध्ये उभे करी. बॅलिंडीनची मोलकरीण अ‍ॅन थॉमसन हिला जोसेफ नाइटपासून दिवस गेले, ते अशा गावात.

पेच

नाइट हा मळ्यावरचा गुलाम नव्हता. घरातला खास नोकर होता. त्याला अन्न, कपडे, हातखर्चाला थोडे पैसे मिळत. पगार नव्हता. लिहा-वाचायला मात्र शिकवले होते. आपण या मुलाचे भलेच केले, अशी वेडरबर्नची मनापासून समजूत होती. खटल्यातही तोच सूर आहे: इतके करून वर हा कृतघ्नपणा!

१७७२ च्या जूनमध्ये लंडनमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सॉमरसेट खटल्याचा निकाल दिला. गुलामाला त्याच्या इच्छेविरुद्ध इंग्लंडबाहेर नेता येणार नाही, एवढाच त्याचा नेमका अर्थ होता. पण वर्तमानपत्रांतून तो पसरला तो ‘गुलाम मोकळे झाले’ असा. बॅलिंडीनच्या घरात पेपर येत होता, आणि नाइटला वाचता येत होते.

दरम्यान अ‍ॅनला कामावरून काढले गेले. नाइटने तिच्याशी १७७३ मध्ये लग्न केले. आता त्याला बायकोला पोसायचे होते आणि त्यासाठी पगार हवा होता. त्याने मागितला. वेडरबर्नने नाही म्हटले. नाइटने जायचे ठरवले आणि सामान बांधले.

कोणापुढे कोणते मार्ग होते

वेडरबर्नला पगार देता आला असता. इस्टेटीवरच्या इतर नोकरांना तो देतच होता. त्याला जाऊ देता आले असते. गुपचूप जहाजावर चढवून जमैकाला पाठवण्याचा प्रकार त्या काळी सर्रास चाले, पण सॉमरसेट निकालानंतर तो जोखमीचा झाला होता. चौथा मार्ग कायद्याचा.

नाइटपुढे पळून जाण्याचा पर्याय होताच. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश वर्तमानपत्रांत पळालेल्या गुलामांच्या शेकडो जाहिराती आहेत, त्यांत स्कॉटलंडमधल्याही आहेत. पण पळणाऱ्याला बायको मागे टाकावी लागते, किंवा दोघांनी मिळून लपून राहावे लागते. त्याला लपायचे नव्हते. त्याला लगतच्याच मुलखात पगारी माणूस म्हणून राहायचे होते, आणि त्यासाठी कुणीतरी अधिकाराने ‘हा मोकळा आहे’ असे म्हणणे भाग होते.

आधीची उदाहरणे धीर देणारी नव्हती. १७५६ मध्ये एअरशायरच्या बीथ गावी रॉबर्ट शेडन नावाच्या माणसाच्या ताब्यातल्या तरुणाला जॉन विदरस्पून या धर्मगुरूने बाप्तिस्मा दिला. (हेच विदरस्पून पुढे अमेरिकेत गेले आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत त्यांचे नाव आले.) तो तरुण, जेम्स माँटगमेरी, पळाला, पकडला गेला, दावा उभा राहिला, आणि निकालाआधी एडिंबराच्या तुरुंगात मरण पावला. १७७० मध्ये फाइफमधल्या वीम्स इथल्या डेव्हिड स्पेन्सचा दावा आला. त्याच्या वकिलांसाठी कोळसा खाणीतल्या आणि मिठागरांतल्या मजुरांनी वर्गणी काढली. तिथे मालकच निकालाआधी वारला. दोन्ही वेळा प्रश्न अधांतरी राहिला.

खाणमजुरांना यात पडायचे कारण काय? स्कॉटलंडमध्ये १६०६ च्या कायद्यापासून खाणीतला मजूर खाणीशी बांधलेला असे. मालक बदलला तरी तो खाणीबरोबर जाई. म्हणजे गुलामीचा प्रश्न या देशाला परका नव्हताच; फक्त तो गोऱ्या कातडीचा आणि जमिनीखालचा होता.

काय घडले

वेडरबर्नने कायद्याचा मार्ग धरला. १७७३ च्या नोव्हेंबरमध्ये तो जस्टिस ऑफ द पीस यांच्याकडे गेला. हे मानद दंडाधिकारी. कायद्याचे शिक्षण नाही, पगार नाही. आसपासचे जमीनदारच त्या जागांवर असत. त्यांनी वॉरंट काढले, नाइटला आणवले, विचारले. त्याने जायचा इरादा कबूल केला. दंडाधिकाऱ्यांनी ठरवले की वेडरबर्न नाइटच्या चाकरीचा हक्कदार आहे आणि नाइटने पूर्वीप्रमाणे राहावे.

इथे प्रकरण मिटले असते. नाइटने ते मिटू दिले नाही. त्याने पर्थच्या शेरीफकडे अर्ज केला. शेरीफ म्हटल्यावर पिस्तूल लावलेला अमेरिकन पोलीस आठवत असेल तर तो बाजूला ठेवा; स्कॉटलंडमध्ये शेरीफ हा जिल्ह्याचा न्यायाधीश. अर्जाची मागणी नेमकी होती: मला गुलाम म्हणून ठेवता येणार नाही, कायमच्या चाकरीची सक्ती करता येणार नाही, आणि मला परदेशी पाठवण्यास वेडरबर्नला मनाई करावी. इथून पुढे कागदोपत्री नाइट वादी झाला आणि जमीनदार प्रतिवादी.

शेरीफ जॉन स्विंटन यांनी १७७४ मध्ये निकाल दिला. या राज्याचा कायदा गुलामीची अवस्था ओळखत नाही, ती त्याच्या तत्त्वांशी विसंगत आहे, आणि जमैकाचे नियम इथे लागू नाहीत. वेडरबर्नने फेरविचाराची मागणी केली. आपण त्याला गुलाम म्हणत नाही, आपल्याला फक्त त्याची आजन्म चाकरी हवी आहे, असा तो डाव होता. त्यावर शेरीफने एका ओळीत उत्तर दिले: पगाराविना आजन्म चाकरी हीच गुलामी. सगळ्या खटल्यातले मला सर्वांत आवडलेले वाक्य हेच. एडिंबराच्या नामांकित वकिलांनी पुढे शेकडो पाने लिहिली. गाठ मात्र जिल्ह्याच्या कोर्टात सुटली होती.

एका गोष्टीकडे घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. कलोडनपर्यंत स्कॉटलंडमधली पुष्कळ न्यायालये जमीनदार घराण्यांच्या वंशपरंपरागत मालकीची होती, जिल्ह्याचे शेरीफपदही अनेक ठिकाणी बापाकडून मुलाकडे जाई. बंड मोडल्यावर सरकारने १७४७ च्या कायद्याने हे हक्क काढून घेतले आणि शेरीफच्या जागी सरकारने नेमलेले, वकिली केलेले लोक आणले. स्विंटन त्या व्यवस्थेतून आलेले. ज्या पराभवाने वेडरबर्नचा बाप फासावर गेला, त्याच पराभवाने मुलाला न ओळखणारा न्यायाधीश पर्थच्या खुर्चीवर बसवला.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. वेडरबर्न तिसरी पायरी चढला. त्याने दावा कोर्ट ऑफ सेशनकडे नेला. प्रश्न सार्वत्रिक महत्त्वाचा आहे असे म्हणून न्यायालयाने पूर्ण पीठापुढे सुनावणी ठेवली आणि नंतर दोन्ही बाजूंकडून नव्याने लेखी म्हणणे मागवले.

नाइटच्या बाजूने अ‍ॅलन मकॉनकी, जॉन मॅक्लॉरिन, आणि त्यांच्या जोडीला हेन्री डंडस उभे राहिले. डंडस तेव्हा स्कॉटलंडचे लॉर्ड अ‍ॅडव्होकेट, म्हणजे सरकारचे सर्वांत वरिष्ठ कायदा अधिकारी. हेच डंडस १७९२ मध्ये संसदेत गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या ठरावात ‘टप्प्याटप्प्याने’ हा शब्द घुसवणार होते. एका माणसाला सरळ देवदूत किंवा सैतान ठरवणाऱ्यांची इथे पंचाईत होते. इंग्लंडमध्ये प्रसिद्ध कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी नाइटच्या बाजूचा युक्तिवाद आपला स्कॉटिश वकील मित्र जेम्स बॉस्वेल याला तोंडी सांगून लिहवून घेतला. बॉस्वेलचे वडील लॉर्ड ऑकिनलेक या पीठावर होते.

वेडरबर्नच्या वकिलांचा मुख्य आधार खाणमजूर हाच होता. आपलाच कायदा आजन्म बांधिलकी मानतो, मग हीच का मानू नये? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण वेळ चुकली. खटला चालू असतानाच, १७७५ मध्ये, संसदेने खाणमजुरांना हळूहळू मोकळे करण्याचा कायदा केला होता. (पूर्ण सुटका १७९९ ची.)

निकाल

बहुमत नाइटच्या बाजूचे. लॉर्ड केम्स म्हणाले की आपण इथे न्याय बजावायला बसलो आहोत, अन्याय बजावायला नाही. लॉर्ड ऑकिनलेक म्हणाले की माणूस काळा आहे म्हणून तो गुलाम होत नाही. तो आपला भाऊ आहे.

न्यायालयाने तीन गोष्टी ठरवल्या. जमैकाच्या कायद्याखाली घेतलेला ताबा अन्यायाचा आहे, तो इथे कोणत्याही प्रमाणात टिकणार नाही. त्यामुळे वेडरबर्नला नाइटच्या चाकरीवर कितीही काळापुरता हक्क नाही. आणि बेकायदा कैदेविरुद्धच्या १७०१ च्या कायद्यानेही नाइटला त्याच्या इच्छेविरुद्ध देशाबाहेर पाठवता येत नाही.

ही तिसरी गोष्ट एकटीच पुरेशी होती. तेवढ्यावर थांबले असते तर निकाल सॉमरसेटइतकाच अरुंद झाला असता. चाकरीचाच हक्क नाकारल्यामुळे स्कॉटलंडचा निकाल इंग्लंडच्या पुढे गेला. जमैकातल्या मळ्यांवर मात्र याने काडीचाही फरक पडला नाही. तिथल्या गुलामीवर बंदी यायला १८३३ चा कायदा लागला, आणि त्यात भरपाईचे दोन कोटी पौंड मिळाले ते मालकांना.

निकालानंतर जोसेफ आणि अ‍ॅन कागदपत्रांतून नाहीसे होतात. मोकळ्या गरीब माणसाची नोंद ठेवायचे कुणाला कारण नसते.

घराण्याचे पुढे

जॉन वेडरबर्न १८०३ मध्ये वारला. त्याच वर्षी त्याचा मुलगा डेव्हिड याला नवी बॅरोनेट पदवी मिळाली, ‘बॅलिंडीनचे’ म्हणून. पदवी टिकली, बॅलिंडीन टिकले नाही. एडिंबराचे प्रसिद्ध फर्निचर निर्माते आणि माजी लॉर्ड प्रोव्होस्ट (म्हणजे नगराध्यक्ष) विल्यम ट्रॉटर तिथले मालक झाले आणि १८३२ मध्ये त्यांनी घर नव्याने बांधले.

जॉनचा भाऊ जेम्स हाही जमैकातून पैसा घेऊन परतला आणि एडिंबराजवळ इन्व्हरेस्कला राहिला. रोझाना या गुलाम स्त्रीपासून त्याला झालेला मुलगा रॉबर्ट १७९० च्या दशकात बापाच्या दारात उभा राहिला. त्याच्याच शब्दांवर विश्वास ठेवायचा तर एक चेपलेले नाणे आणि पेलाभर पातळ बिअर देऊन त्याला वाटेला लावले. तो पुढे लंडनमध्ये जहाल वक्ता झाला आणि १८२४ मध्ये हे सगळे छापून मोकळा झाला. जेम्सच्या औरस मुलाने जाहीर इन्कार केला. वंशवेल काढणाऱ्यांनी रॉबर्टला बराच काळ वगळले होते.

मुंबई इलाख्याशी संबंध जॉनच्या दुसऱ्या लग्नाच्या शाखेतून आला. त्यातला मुलगा जॉन मुंबईच्या सनदी सेवेत होता. त्याचा एक मुलगा १८५७ मध्ये हिसारला बायको-मुलासह मारला गेला. असे असूनही धाकटा विल्यम १८६० मध्ये त्याच सेवेत आला, धारवाडपासून सुरुवात केली आणि १८८७ ला निवृत्त झाला. पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी त्यांनी शेतकी बँकेची योजना मांडली. रिपन यांचे सरकार अनुकूल होते, लंडनने ती नाकारली. १८८९ ला मुंबईत आणि १९१० ला अलाहाबादेत ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. लंडनमधल्या काँग्रेसच्या ब्रिटिश समितीचे काम त्यांनी १९१८ मध्ये मरेपर्यंत पाहिले, तेही बऱ्याच अंशी पदरच्या पैशाने.

नातवाने आजोबांचे ऋण फेडले, अशी मांडणी करायचा मोह होतो. मला ती पटत नाही. नाइटचे देणे दख्खनच्या शेतकऱ्याला देऊन फिटत नाही; दोन्ही खाती वेगळी आहेत.

कुठे वेगळे करता आले असते

वेडरबर्नच्या जागी बसून पाहिले तर सर्वांत महागडा निर्णय शेवटचा. १७७४ ला पर्थमध्ये थांबला असता तर एका जिल्ह्यातल्या एका शेरीफचा निकाल एवढेच त्याचे वजन राहिले असते, आणि शेजारच्या जिल्ह्यातला दुसरा शेरीफ उलट निकाल द्यायला मोकळा होता. मालकवर्गाचा हक्क पक्का करून घ्यायला तो एडिंबराला गेला आणि साऱ्या देशासाठी तो मोडून आला. शिवाय नाइटचे म्हणणे सविस्तर लिहिले गेले, छापले गेले, जपले गेले, ते या अपिलामुळेच. आज त्या नोकराबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग मालकाच्या हट्टाची देणगी आहे.

दंडाधिकाऱ्यांनी लंडनच्या निकालाची दखल घेऊन प्रकरण सरळ शेरीफकडे पाठवायला हवे होते. प्रश्न त्यांच्या अधिकाराबाहेरचा होता. शेजाऱ्याला नाही म्हणणे जड गेले असणार.

नाइटची चाल मात्र आज पाहतानाही अचूक वाटते. इरादा लपवला नाही, त्यामुळे पळपुटा असा शिक्का बसला नाही. परदेशी पाठवण्याविरुद्ध मनाई अर्जातच मागितली, त्यामुळे खटला चालू असताना त्याला जहाजावर चढवणे मालकाला अवघड झाले. माँटगमेरी तुरुंगात मेला होता. नाइटने ती वेळ येऊ दिली नाही.

आणि अ‍ॅन. तिला काढून टाकले नसते, नाइटला इतरांसारखा पगार दिला असता, तर त्याला बॅलिंडीन सोडायचे तातडीचे कारण उरले नसते. एका घरगड्याचा वर्षाचा पगार, एवढाच तो खर्च होता. जमैकात शेकडो माणसे बाळगणाऱ्याला तो जड नव्हता. पण तो देणे म्हणजे नाइटला नकार द्यायचा आणि काम सोडायचा हक्क आहे हे मान्य करणे, आणि नेमके तेच वेडरबर्नला करायचे नव्हते.